लाँग रननंतर आधी काय प्यावं: बिअर, झिरो बिअर की ताक?

रविवारचा लाँग रन संपला की ग्रुपमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "आता गार बिअर! पाण्यापेक्षा चांगली असते, संशोधन झालंय." ही बातमी २००७ साली स्पेनमधल्या ग्रानाडा विद्यापीठातून जगभर पसरली. पण तिथल्या संशोधकांचा २०१५ साली छापून आलेला प्रयोग पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. १६ तरुणांना गरम हवेत पळवलं. एकदा नुसतं पाणी दिलं, एकदा आधी ६६० मिली बिअर आणि वर हवं तेवढं पाणी. शरीरातलं पाणी भरून येण्यात फरक पडला नाही. म्हणजे बिअर पाण्यापेक्षा सरस ठरलीच नव्हती, आणि तिच्या जोडीला पाणी होतंच.

साधी बिअर की स्ट्राँग?

माझ्या मते आपल्याकडे खरा प्रश्न हा आहे. त्या प्रयोगातली बिअर साधारण साडेचार टक्क्यांची होती. ६६० मिलीमध्ये सुमारे २३ ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलीची, म्हणजे जवळपास तेवढीच. पण ती आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर अल्कोहोल जातं ४१ ग्रॅमच्या आसपास. ग्रानाडाचा दाखला त्या बाटलीला लावताच येत नाही.

अल्कोहोल मेंदूतून सुटणाऱ्या व्हॅसोप्रेसिनला दाबतं. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगणारं हे संप्रेरक कमी झालं की प्यायलेलं लघवीवाटे निघून जातं. शिरेफ्स आणि मॉन या संशोधकांनी १९९७ साली घाम गाळलेल्या लोकांना ०, १, २ आणि ४ टक्के अल्कोहोलची पेयं दिली. दोन टक्क्यांपर्यंत फारसं बिघडलं नाही. चार टक्क्यांना मात्र रक्तातलं द्रव पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागला. मग आठ टक्क्यांची बाटली पळून आल्या आल्या उघडू नका, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

झिरो बिअर

झिरो म्हणजे बिनअल्कोहोलची बिअर. जर्मनीत बर्लिन मॅरेथॉनच्या फिनिश लाइनपलीकडे ती सर्रास वाटतात. २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनच्या २७७ धावपटूंवर अभ्यासही झाला. शर्यतीआधी तीन आठवडे आणि नंतर दोन आठवडे रोज एक ते दीड लिटर अशी बिअर पिणाऱ्यांना सर्दी-घशाचे त्रास कमी झाले. चव बिअरची हवी असेल तर हा पर्याय मला मनापासून आवडतो. फक्त डब्यावरची साखर वाचा. माल्टची काही गोड पेयंही त्याच फळीवर ठेवलेली असतात. आणि बिअर कुठलीही असो, तिच्यात मीठ नसल्यासारखंच. सोबत खारे शेंगदाणे घ्या.

ताक, ओआरएस, पाणी

घामातून पाण्याबरोबर मिठातलं सोडियम जातं, आणि ते परत मिळाल्याशिवाय पाणी अंगात टिकत नाही. इथे ताक बाजी मारतं. लिटरभर ताकात चहाचा अर्धा चमचा मीठ घातलं की लिटरमागे साधारण ५० मिलिमोल, म्हणजे एक ग्रॅमहून थोडं जास्त, सोडियम होतं. २०१६ साली बऱ्याच पेयांची तुलना झाली, तेव्हा दूध आणि ओआरएस पाण्यापेक्षा जास्त वेळ अंगात राहिले. बिअर साधारण पाण्याइतकीच, तीही न पळालेल्या, बसून असलेल्या माणसांत. ताक त्या यादीत नव्हतं, पण खारवलेलं ताक हे शेवटी दुधाचंच भावंड. ओआरएसचं पाकीट मात्र त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात विरघळवा. रक्तदाबाचा त्रास असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

पाच-सात किलोमीटर पळून घरी जाऊन पोहे खाणार असाल, तर एवढा विचार नको. पाणी पुरे.

कुणी काय निवडावं

पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत दीड लिटर हळूहळू प्या. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी आधीच जास्त झालंय, थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायचं असेल, किंवा मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन तास घाम गाळला असेल, तर ताक किंवा ओआरएस, शंका नको. शर्यत झाली, सीझन संपला, मित्र जमलेत, तर आधी लिटरभर ताक किंवा पाणी, मग पोटभर जेवण, मग पाच टक्क्यांच्या आतली एक छोटी बिअर, आणि गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात. गुडघ्यासाठी पेनकिलर घेतली असेल, तर त्या दिवशी झिरोच.