खवळलेला समुद्र, धुकं आणि शटर: वेगवान की संथ?

वादळी लाटा खडकावर आपटत असताना फोटो काढायचा तर पहिला प्रश्न शटरचा, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश किती वेळ येऊ द्यायचा याचा. १/१००० सेकंदाला लाट हवेतच थिजते. तुषारांचा एकेक थेंब, फेसाची फाटलेली कड, सगळं सुटं दिसतं. लाटेची ताकद दाखवायची तर मला हेच जवळचं. कॅमेरा हातात धरूनही काम भागतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, १६०० पर्यंत चढतो, चढू दे. अडचण धुक्याची. ते कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदातला फरक, खाऊन टाकतं आणि पांढरा फेस करड्या पडद्यात विरून जातो. मागे काळा खडक येईल अशी जागा शोधावीच लागते.

संथ शटर म्हटलं की लोक थेट ३० सेकंदांवर जातात. मग समुद्र दुधासारखा आणि वादळ गायब! तसा फोटो शांत दिवशीही निघाला असता. खरी मजा अर्ध्या सेकंदाच्या आसपास आहे. लाट खडकावरून ओसरू लागली की बटण दाबा. फेसाच्या रेघा खाली ओघळताना दिसतात, आणि उजेड कमी करून धुकं इथे चक्क मदतीला येतं. पण ट्रायपॉड हवाच, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात तोही थरथरतो. पाय आखूड ठेवा, मधला दांडा वर काढू नका.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा एकूण प्रकाश, दोन्हीकडे स्टॉपभर (म्हणजे दुप्पट) वाढवा, नाहीतर धुकं मळकट येतं. लेन्सवरचे खारे तुषार आधी ओल्या फडक्याने टिपा. कोरडं फिरवलं तर मीठ काचेवर घासलं जातं.

मी आधी वेगवान फोटो उरकतो. ट्रायपॉड उघडतो तो मागच्या उंच खडकावर जाऊन, कारण स्क्रीनमध्ये डोकं घातलं की मोठी लाट आलेली कळत नाही.