पिठ्या ढेकणावर कडुनिंबाचं तेल : वापरून बघितलं

जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण पडला होता म्हणून कडुनिंबाच्या तेलाची बाटली आणली, आणि खरंच उपयोग झाला पण लगेच नाही हां, तीन आठवडे लागले. तेल नुसतं पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, म्हणून 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली तेल आणि थोडासा लिक्विड सोप टाकून बाटली नीट हलवायची, पानांच्या खालच्या बाजूला मारायचं, तेही संध्याकाळीच, उन्हात पानं करपतात. दर 7 दिवसांनी परत. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, त्यांच्यामुळेही ही कीड पसरते. वास मात्र फार उग्र, शेजारच्या काकूंची बाल्कनी खेटून आहे म्हणून आधी सांगून मग फवारते. त्यांच्या कुंडीवर पण तीच कीड निघाली, आता दोघी एकाच दिवशी मारतो.