चार बिअरचे ४०० थाई बाट, बिल १९,३६० बाट: फुकेतला रात्री नाचायला जाणार असाल तर आधी हे वाचा

आमचे ५०,२२९ रुपये ५२ पैसे गेले. स्वस्त दर सांगून जिना चढवायचा आणि उतरताना बिल हातात ठेवायचं, हे असले अड्डे तुम्हाला माहीत असतीलच. मलाही माहीत होते. जायच्या आधी दोन आठवडे मी तेच व्हिडिओ बघत होते. पण माझ्या डोक्यात बसलं होतं की हे सगळं एकट्यादुकट्या पुरुषांच्या बाबतीत होतं, घाणेरडे खेळ बघायला जाणाऱ्यांच्या. आम्ही दोन जोडपी. साडी नसली तरी गळ्यात मंगळसूत्र. आम्हाला कोण कशाला धरेल?

जानेवारी २०२४. आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून मी, हे, माझी ताई आणि दाजी असे चौघं फुकेतला गेलो होतो. नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या लोकांना थायलंडला व्हिसा लागेनासा झाला, म्हणून तर बेत ठरला. आणि मला नाचायचं होतं. हे मी उघड लिहितेय, कारण घरी परतल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांनी तोच विचारला: या वयात क्लबात जायची काय गरज होती? गरज नव्हती, हौस होती. गणपतीच्या मिरवणुकीत कडेला उभं राहून टाळ्या वाजवण्यात आणि हळदीत चार हात हलवण्यात माझी २५ वर्षं गेली. जिथे कुणी ओळखत नाही तिथे पोटभर नाचावं, इतकंच मनात होतं. त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

पहिली रात्र तर छान गेली. फुकेतमधल्या पातोंग किनाऱ्याचा बांगला रोड म्हणजे समुद्रापासून आत जाणारा जेमतेम चारशे मीटरचा रस्ता. संध्याकाळनंतर वाहनं बंद, दोन्ही बाजूंना उघडे बार, टेबलावर छापील दरपत्रक. एका मोठ्या क्लबमध्ये दारातच पैसे घेतले, मनगटाला पट्टी बांधली, आत एकाही बाटाचा घोळ झाला नाही. त्याआधी एका उघड्या बारमध्ये दाजी गंमत म्हणून टांगलेली घंटा वाजवायला निघाले, तर तिथल्याच मुलीनं त्यांचा हात धरून थांबवलं. ती घंटा वाजवली की बारमधल्या सगळ्यांना तुमच्या खर्चानं एकेक ग्लास द्यावा लागतो. तिनं वाजवू दिली असती तर तिचाच फायदा होता. म्हणून सांगते, सगळे चोर नाहीत. आम्ही मात्र त्या एका चांगल्या अनुभवाच्या भरवशावर पुढच्या रात्री बिनघोर झालो.

दुसरी रात्र म्हणजे शेवटची. सकाळी ११ वाजता विमान. दोन वाजायच्या सुमारास आम्ही काता या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या आमच्या हॉटेलवर जायला टुकटुक बघत होतो. एक ड्रायव्हर मोडक्या हिंदीत बोलला. काताचे ६०० बाट, पण आत्ताच कशाला जाता, नवीन नियम झालाय, आता चारपर्यंत उघडं असतं, माझ्या ओळखीचा इंडियन क्लब आहे, फॅमिलीवाला. नियमाचं खरंच होतं. आधी दोनला बंद व्हायचं, १५ डिसेंबर २०२३ पासून फुकेतसह काही ठिकाणी पहाटे चारपर्यंत परवानगी मिळाली होती. एक गोष्ट खरी निघाली की माणूस पुढच्या दहा खऱ्या धरतो. प्रवेश मोफत, बिअर १०० बाट, आणि तिथपर्यंत नेण्याचे चौघांचे मिळून १०० बाट.

पातोंगमध्ये टुकटुक १०० बाटात कुठेही जात नाही. दोन दिवसांत आम्ही २०० च्या खाली एकदाही बसलो नव्हतो. मी भाजीवाल्याकडे पावशेर मिरचीचा हिशोब करणारी बाई, अकरा वर्षं भिशी सांभाळतेय, आणि मला तेव्हा वाटलं काय, तर बरं झालं, स्वस्तात पडलं. बाजारभावाच्या निम्म्यात कुणी नेत असेल तर उरलेले पैसे त्याला दुसरं कुणीतरी देतंय. लक्षात ठेवा.

गल्लीतलं दार, अरुंद जिना, वर हॉल. गाणी आपली हिंदी-पंजाबी. दोन-चार भारतीय चेहरेही दिसले. वेटरनं टॉर्चच्या उजेडात प्लास्टिकचं कार्ड दाखवलं, बिअरच्या दरावर बोट ठेवलं आणि कार्ड परत घेऊन गेला. ह्यांनी आणि दाजींनी दोन-दोन बिअर घेतल्या. मी आणि ताई काही प्यायलो नाही. दोन मुली आल्या, हसून आमचे हात धरले आणि नाचायला घेऊन गेल्या. वीस-बावीस वर्षांच्या असतील. मला इतकं बरं वाटलं! एकीनं माझी ओढणी कंबरेला बांधून दिली. मध्येच वेटर त्यांच्या हातात छोटे ग्लास द्यायचा, त्या आमच्याकडे बघून ग्लास उंचावायच्या, एका घोटात संपवायच्या, की पुन्हा नाच.

आणि आता तो क्षण. दर ग्लासाला वेटर एक चिठ्ठी गुंडाळून आमच्या टेबलावरच्या लाकडी पेल्यात खोचत होता. ताईनं ते पाहिलं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, तो त्या पेल्यात काय ठेवतोय?" मी म्हटलं, "टोकन असेल काहीतरी, तू चल, नाच." माझ्या बहिणीनं बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं आणि मी तिचा हात धरून तिला परत नाचायला ओढलं. तेव्हा पेल्यात तीन चिठ्ठ्या होत्या. तिथे थांबलो असतो तर निदान त्या मुलींच्या ग्लासांचे १,८०० बाटच झाले असते. रात्री जाग आली की मला तो पेला दिसतो, बिल नाही. तिथल्या बारमध्ये बिलाच्या चिठ्ठ्या अशाच पेल्यात ठेवतात. चिठ्ठी पडली की लगेच उघडून वाचा. नाचणाऱ्या मुलीच्या हातात ग्लास दिसला की तो तुमच्या नावावर चढलेला आहे असंच धरा. तुम्ही मागवला नसला तरी.

तीन वीसला बिल मागितलं. ते असं होतं: बिअर ४, ४०० बाट. प्रवेश माणशी १,२०० प्रमाणे ४,८००. सोफ्याचे ४,०००. मुलींचे ग्लास ९, प्रत्येकी ६०० प्रमाणे ५,४००. फळांचं ताट १,५००. आम्ही ते मागवलंही नव्हतं, त्यातल्या कलिंगडाच्या दोन फोडी खाल्ल्या. गाण्याच्या तीन फर्माइशी, १,५००. वर १० टक्के सेवाशुल्क १,७६०. एकूण १९,३६०. बिअरचा दर मात्र त्यांनी अगदी बोलल्याप्रमाणे लावला होता.

प्रवेश मोफत सांगितला होता, असं हे म्हणाले. तो म्हणाला, ड्रायव्हरनं सांगितलं असेल, आम्ही नाही. जिन्याच्या तोंडाशी दोन माणसं येऊन उभी राहिली. कुणी अंगाला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. पण दार बंद होतं आणि आम्ही दोघी सोबत होतो. ह्यांना लोक आता विचारतात, भांडला का नाहीत? रात्रीचे साडेतीन, परका देश, परकी भाषा, बरोबर दोन बायका. विचारणाऱ्यानं तिथे उभं राहून दाखवावं.

५,३६० बाट रोख दिले. आम्ही घेताना २ रुपये ५० पैशांनी घेतले होते, म्हणजे १३,४०० रुपये. उरलेले १४,००० बाट ह्यांच्या कार्डावर. मशिनच्या पडद्यावर रुपयांतला आकडा आला, ३६,४००. आपल्या रुपयात दिसतंय म्हणून आम्हाला उलट धीर आला. तिथेही नाडलंच. त्या वेळच्या २ रुपये ४० पैशांच्या भावानं ३३,६०० झाले असते. वेटरनं आम्हाला न विचारता रुपयाचं बटण दाबलं आणि २,८०० आणखी गेले. परदेशात मशिन विचारतं तेव्हा तिथलंच चलन निवडा, नेहमी. वर आपल्या बँकेनं अशा व्यवहाराचं १ टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी असे ४२९ रुपये ५२ पैसे वेगळे कापले. बिलाचा फोटो काढू दिला नाही. बिल परत घेतलं. हातात राहिली ती फक्त कार्डाची पावती, आणि तिच्यावर क्लबचं नावच नव्हतं, कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं होतं.

तिथून पोलिसांच्या चौकीवर गेलो. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पिन कुणी टाकला? ह्यांनी. सही? ह्यांचीच. मग हा पैशाचा वाद आहे, गुन्हा नाही. जागा दाखवा म्हणाला; गल्लीत जाईपर्यंत चार वाजून गेले होते, शटर खाली. लेखी तक्रार सकाळी ठाण्यात, दुभाषा दहा वाजता येईल. आमचं विमान ११ ला, विमानतळ तासाभरावर. त्याला हे सांगितलं तर त्यानं खांदे उडवले. हे अड्डेवाले शेवटच्या रात्री येणाऱ्या लोकांनाच हेरत असतील, सकाळी कुणी तक्रारीला थांबत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर चोवीस तास चालतो. तो बिल देण्याआधी, आतूनच लावायचा असतो. आमच्या फोनमध्ये होता. घाबरल्यावर आठवला नाही.

परत आल्यावर आपल्या माणसांनी जे केलं त्याचा राग मला तिथल्या चोरांपेक्षा जास्त आहे. बँकेच्या शाखेत गेलो. शाखेनं कस्टमर केअरकडे पाठवलं, कस्टमर केअरनं ईमेल करायला सांगितलं, ईमेलला उत्तर आलं की शाखेत अर्ज द्या. अर्जासोबत काय हवं? वस्तुवार बिल आणि दरपत्रकाचा पुरावा. लुटणारा दरपत्रक सोबत बांधून देतो का? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी वाचून गेले होते, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तिथला साहेब म्हणाला, "मॅडम, ते अनधिकृत व्यवहाराला. तुम्ही तर स्वतः पिन टाकलाय." कायद्यानं त्याचं बरोबर असेल. पण हे सांगताना तो माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघून हसला, त्याचं काय? पोलीस ठाण्यात हवालदारानं हद्दीचा प्रश्न काढला आणि मग विचारलं, "बायकोला घेऊन गेला होता बारमध्ये?" तक्रार लिहून घेतली नाही, पोच नाही. टूरवाल्यानं सांगितलं, रात्री दहानंतरची जबाबदारी आमची नाही. तीन खिडक्या, तीनही ठिकाणी लूट बाजूला आणि चौकशी आमच्या चालचलणुकीची.

बँकेनं ३० दिवसांत काही केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. मी केली आहे. आणि कार्डाची परदेशातली मर्यादा ॲपमधून कमी करता येते. ह्यांनी विमानतळावर ती १ लाख करून ठेवली होती, "अडीअडचणीला असू दे" म्हणून. रात्री बाहेर पडताना ५,००० वर आणली असती तर मशिननंच नकार दिला असता. दागिने, पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाता ना, मग कार्डही ठेवा.

ताईनं मागच्या महिन्यात पाकिटात घालून २५,००० रुपये पाठवले, तिचा वाटा म्हणून. मी परत पाठवले. तिनं तर मला वेळेवर विचारलं होतं.

कार्डाच्या पावतीची शाई उडत चालली आहे. रक्कम अजून वाचता येते, तारीख पुसट झाली आहे. मी दोन झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, तुमच्याकडे अशी पावती असेल तर आजच काढा.