रंग, उकड की खडू? तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती काय द्यावं

बाळ बसायला लागलं की घरात विषय निघतो, आता याला रंगांशी खेळू द्यायचं का? दुकानात फिंगर पेंट आहेत, मळायचा रंगीत क्ले आहे, जाड मेणखडू आहेत. घरात बीट, तांदळाची पिठी आणि पाणी आहे. यातलं काय निवडावं हे ठरवताना मी दोनच गोष्टी बघते: मूल हातातलं तोंडात घालतं का, आणि त्याच्या बोटांना सध्या काय जमतं. चित्र कसं दिसेल, हा विचार या वयात सगळ्यात शेवटी.

सहा-सात महिन्यांचं बाळ वस्तू अख्ख्या मुठीत धरतं. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागते. वर्ष ते दीड वर्षात कागदावर रेघोट्या सुरू होतात. आणि दोन वर्षांपर्यंत, काही मुलांच्या बाबतीत त्यानंतरही, हाती आलेलं तोंडात जातंच.

म्हणून विकतचे फिंगर पेंट मी दोन वर्षांनंतरच देईन. रंग छान भडक असतात, डबी उघडली की काम सुरू. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि खेळण्यांच्या त्या मानकांत बोटांनी फासायच्या रंगांसाठी वेगळा भाग आहे. तेव्हा चिन्ह बघूनच घ्या. पण डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय याचा अर्थ थोडं चाटलं गेलं तर सहसा इजा होत नाही, इतकाच. दहा महिन्यांचं बाळ थोडं चाटून थांबत नाही.

त्या वयाला घरची खळ बरी. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवा, दोन वाट्या पाण्यात घालून मंद आचेवर सतत हलवत शिजवा. दुधाळपणा जाऊन चकचकीत दाट झालं की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर एका भागात बिटाचा रस, दुसऱ्यात शिजवलेल्या पालकाचा रस. रंग विकतच्याइतके खुलत नाहीत आणि खळ फ्रिजमध्येही दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. बीट पोटात गेलं तर दुसऱ्या दिवशी शी-शू लालसर होऊ शकते, घाबरू नका. वरचं खाणं सुरू झाल्यावरच आणि बाळाने आधी खाल्लेलेच पदार्थ वापरा. हळद मी टाळते. डाग जात नाहीत हे एक, आणि सुट्या हळद पावडरीत रंगासाठी शिशाची भेसळ सापडलेली आहे, हे जास्त महत्त्वाचं. रांगोळीची पूड आणि गुलाल तर या वयात नकोच. ती बारीक धूळ श्वासात जाते.

मळण्याच्या खेळात आपल्याकडचा उत्तम पर्याय क्वचितच कुणाला सुचतो. विकतच्या काही क्लेमध्ये आणि इंटरनेटवरच्या घरगुती, पिठाच्या ‘प्ले डो’मध्ये मीठ भरपूर असतं. लहान मुलाने गोळाच्या गोळा खाल्ला तर ते धोक्याचं आहे. पोळीची कणीक मऊ आणि सोपी, पण कच्च्या पिठात जंतू असू शकतात. मोदकाच्या उकडीत या दोन्ही अडचणी नाहीत. वाटीभर पाण्याला उकळी, चमचाभर तेल, वाटीभर तांदळाची पिठी, झाकून वाफ, मग तेल-पाण्याच्या हाताने मळायची. पाण्याऐवजी बिटाचं पाणी घेतलं की गुलाबी उकड होते. कोमट झाली की लिंबाएवढा गोळा मुठीत द्या. बाळ आधी दाबतं, मग बोट खुपसतं, बोट बाहेर काढून त्या भोकाकडे बघत राहतं, आणि पुन्हा खुपसतं. उकड लवकर सुकते, कडा तडकतात. ओल्या फडक्याखाली ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. बाळ मोठा तुकडा तोडून तोंडात कोंबू शकतं, म्हणून शेजारून उठायचं नाही.

मेणखडू साधारण सव्वा वर्षानंतर. बारीक खडू मुठीच्या जोराने मोडतात आणि तुकडा घशात अडकू शकतो. जाड किंवा अंड्याच्या आकाराचे घ्या. कागद चिकटपट्टीने जमिनीवर चिकटवा, नाहीतर खडूबरोबर कागदच फिरतो. मणी, बटणं, टिकल्या, चमकी हे सगळं तीन वर्षांनंतर.

पाळणाघरात एका ताईकडे पाच-सहा मुलं असतील तर खळ आणि रंग यांचा पसारा आवरेपर्यंत मुलांकडे लक्ष राहत नाही. तिथे मी पाणी निवडेन: काळी पाटी किंवा शहाबादी फरशी, वाटीत थोडंसं पाणी आणि जाड ब्रश. ओली रेघ उमटते, वाळते, मूल पुन्हा ओढतं. खर्च जवळजवळ नाही, पुसायलाही काही नाही. फक्त बादली खोलीत ठेवू नका, थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘नवचेतना’ आराखड्यात जन्म ते तीन वर्षांसाठी वयानुसार खेळ दिले आहेत. अंगणवाडीत त्याबद्दल विचारता येईल.

रोज नवीन ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ लागते, हे मला पटत नाही. आठवडाभर रोज ताजी उकडच किंवा तीच पाटी दिली तर सोमवारी नुसतं चापटणारं मूल शुक्रवारपर्यंत त्यात काहीतरी वेगळं करू लागतं. रोज सामान बदललं तर ते दरवेळी ओळखीपाशीच अडकतं.

हाताला रंग फासून, तो ताईने धरून कागदावर दाबायचा आणि त्याचा मोर करायचा, हा प्रकार पालकांच्या ग्रुपवर छान दिसतो, पण त्यात मुलाने केलेलं काहीच नसतं. घरी नेण्यासारखं काही हवंच असेल तर खडूच्या रेघोट्यांचा कागद न्या. मागे तारीख आणि वय लिहा, आणि असे कागद एकाच फाइलमध्ये लावत जा. दीड वर्षाच्या आडव्या रेघोट्यांचे पुढे गरगर गोल कधी झाले, हे त्या फाइलमध्ये दिसतं.