होंडा सीबी ७५० वर इंजेक्शन आणि टर्बो: ११ महिने, ७,४०० किलोमीटरनंतर

जानेवारीत गाडी कार्ब्युरेटरवरून इंजेक्शनवर (संगणकाने मोजून पेट्रोल फवारायच्या पद्धतीवर) आणली, मेमध्ये टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवला, ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर पळवली. आता नोव्हेंबर संपत आलाय आणि ७,४०० किलोमीटर झालेत. एवढे दिवस मुद्दाम काही लिहिलं नाही. बांधकामाचे फोटो सगळेच टाकतात, पण सहा महिन्यांनी ती गाडी सकाळी सातला एका बटणावर चालू होते का, हे फार थोडे लोक सांगतात. माझी होते. मात्र तिथवर पोचायला काय काय उसवावं लागलं, ते सविस्तर सांगतो.

गाडी १९७६ ची सीबी ७५० के६. चार सिलिंडर, ७३६ सीसी, एअर-कूल्ड. हे इंजिन १९६९ मध्ये आलं तेव्हा ६७ हॉर्सपॉवरचं होतं आणि त्या काळात ते प्रचंड मानलं जायचं. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. ऑफिस ३० किलोमीटरवर आहे आणि आठवड्यातले तीन-चार दिवस मी हीच गाडी नेतो. ट्रेलरवरून न्यायची, उतरवायची, फोटो काढून परत चढवायची अशी ती नाही.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत असता तर माझे दोन महिने वाचले असते. कंपनीतूनच टर्बो आणि इंजेक्शन एकत्र बसवून आलेली पहिली मोटरसायकल होंडाचीच, १९८२ ची सीएक्स ५०० टर्बो. ५०० सीसीच्या व्ही-ट्विनमधून ८२ हॉर्सपॉवर. पाठोपाठ यामाहा, सुझुकी, कावासाकी तिघेही उतरले. यामाहाने टर्बोखाली कार्ब्युरेटरच ठेवला होता. कावासाकीची ७५० टर्बो ११२ हॉर्सपॉवरला पोचली. आणि दशक अर्धं सरेपर्यंत सगळ्यांनी दुकान आवरलं. गाडी जड, महाग, गुंतागुंतीची. तेवढीच ताकद मोठ्या साध्या इंजिनातून मिळत होती. त्या काळच्या संगणकांना जे जमत नव्हतं ते आज तळहाताएवढ्या ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) जमतं, एवढाच फरक पडलाय. वजन, उष्णता आणि वीज हे तिन्ही प्रश्न आजही तसेच आहेत.

मी मायक्रोस्क्वर्ट नावाचा ईसीयू वापरला. त्यात दोन इंजेक्टर चॅनेल आणि दोन इग्निशन चॅनेल असतात, आणि सीबी ७५० ला ते नेमके पुरतात: पहिल्या-चौथ्या सिलिंडरला एक कॉइल, दुसऱ्या-तिसऱ्याला दुसरी, मूळची रचनाच तशी आहे. पॉइंट्स (ठिणगीची वेळ ठरवणारे जुने यांत्रिक स्विच) क्रँकच्या उजव्या टोकाला असतात. ते काढून तिथे १२ दातांचं, एक दात गाळलेलं चाक आणि ते दात मोजणारा हॉल सेन्सर बसवला. थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणाऱ्या झडपा) जुन्या सुझुकी जीएसएक्स-आरच्या, मधलं अंतर जुळवून घेतलेल्या. चार वेगवेगळ्या थ्रॉटलचं व्हॅक्यूम फार थरथरतं, म्हणून चारही नळ्या आधी एका छोट्या डबीत आणल्या आणि तिथून मॅप सेन्सरला (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) दिल्या. हे केलं नाही तर आयडल कधीच बसत नाही. एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा बॉशचा वाइडबँड सेन्सर. या सगळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ११ महिन्यांत ईसीयू एकदाही अडला नाही.

इंजेक्शनचा फरक पहिल्या आठवड्यातच कळला. चोक नाही, सकाळची मनधरणी नाही. डोंगरात १,५०० मीटरवर गेलो तरी गाडी खाली जशी चालते तशीच वर चालते. पन्नास वर्षांचं इंजिन इतकं गुळगुळीत फिरू शकतं हे मला माहीतच नव्हतं. कोणी विचारलं की दोन्हींतलं एकच ठेवायचं तर काय ठेवशील, तर मी क्षणाचाही विचार न करता टर्बो उतरवून देईन.

आता मार्चमधली ती संध्याकाळ. ऑफिसवरून परत येताना सिग्नल, थांबा, पुन्हा सिग्नल. एका सिग्नलवरून निघताना गाडीने आचका दिला, पुढच्या सिग्नलला दोन, तिसऱ्याला बंदच पडली. घरी येऊन ईसीयूचा लॉग (त्याने ठेवलेली नोंद) उघडला. व्होल्टेज ११.६. मिश्रण (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग) चौदाच्या आसपास हवं होतं तिथे सोळाच्या पुढे, म्हणजे पातळ. पेट्रोलचा दाब पक्का तीन बार, पंप ठीक, फिल्टर साफ. दोन रात्री मी वायरिंगमध्ये दोष शोधत बसलो आणि दोष वायरिंगमध्ये नव्हताच.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी झडप. १३.८ व्होल्टवर ती जितक्या चटकन उघडते तितक्या चटकन ११.६ वर उघडत नाही. ईसीयू हुकूम तेवढ्याच मिलिसेकंदांचा देतो, पण त्यातला जास्त वेळ उघडण्यातच जातो आणि पेट्रोल कमी पडतं. ही तूट भरून काढायला ईसीयूत व्होल्टेजप्रमाणे दुरुस्तीचा तक्ता असतो. मी तो आला तसाच ठेवला होता, माझ्या इंजेक्टरसाठी मोजलाच नव्हता. आणि मुळात व्होल्टेज पडलं का? या गाडीचा अल्टरनेटर २१० वॅटचा, तोही ५,००० आरपीएमला. पेट्रोलचा पंप एकटाच साडेचार अँपियर, म्हणजे ६० वॅट खातो. वर वाइडबँडचा हीटर, कॉइल, इंजेक्टर, हेडलाइट. आयडलवर गाडी बॅटरी भरत नाही, बॅटरीच पीत बसते.

उपाय कंटाळवाणे होते. सगळे दिवे एलईडी केले, रेग्युलेटर बदलला, सगळ्या अर्थ एका ठिकाणी आणल्या, पंपाला स्वतंत्र जाड वायर आणि रिले दिला, आयडल १,२०० वर नेलं. मग इंजेक्टर टेबलावर काढून ११ ते १४.५ व्होल्टपर्यंत एकेक मोजले. त्यात सहा आठवडे गेले. पण हाच आचका बूस्टमध्ये (टर्बो दाबाने हवा भरत असताना) बसला असता, तर आठ पीएसआय दाबाखाली पातळ मिश्रण आणि थेट पिस्टनला भोक. म्हणून माझं सांगणं आहे की आधी फक्त इंजेक्शन बसवा, सगळ्या हवामानात निदान तीन-चार महिने रोज चालवा, आणि मगच टर्बोला हात लावा. मी हे शहाणपणाने केलं नाही. टर्बोचे पैसे जमायचे होते म्हणून ते आपोआप घडलं.

टर्बो गॅरेटच्या जीटी१५ घराण्यातला, इंजिनापुढे हेडरच्या (एक्झॉस्टच्या पुढच्या नळ्यांच्या) खाली. पिस्टन फोर्ज्ड घातले आणि कम्प्रेशन ९ वरून ८ च्या आसपास उतरवलं. हेडचे स्टड जाड घातले. इंटरकूलरला (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरला) जागा नाही. बूस्ट आठ पीएसआयवर वेस्टगेटने (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेने) बांधलेला. इथल्या पंपावरचं ९१ ऑक्टेन (भारतात छापतात त्या हिशेबाने साधारण ९५) वापरतो. दर पीएसआयमागे साधारण एक अंश टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतलंय आणि बूस्टमध्ये मिश्रण ११.५ ते १२. नॉक सेन्सरवर (पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका ऐकणाऱ्या) मी विसंबत नाही. या इंजिनात टायमिंग चेन आणि टॅपेटचाच एवढा आवाज असतो की सेन्सर त्यातून खरा ठोका वेगळा काढू शकत नाही.

पहिले दोन आठवडे निळा धूर. सिग्नलला थांबलो की मागच्या गाडीवाल्याला मी दिसेनासा व्हायचो. टर्बोचं सील गेलं असं समजून मी तो परत पाठवला. विकणाऱ्याने पंधरा दिवस ठेवून घेतला, तपासायचे पैसे लावले आणि कारण न सांगता तसाच परत केला. मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला. बाबांचं आयुष्य कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलंय. टर्बो त्यांनी कधी बसवलेला नाही. फोन गाडीखाली धरायला लावला, नळीवरून हळूहळू फिरवायला लावला आणि विचारलं, "ही तेलाची परतीची नळी कुठं जातीय?"

"ऑइल टाकीला, बाबा. खालच्या टोकाला जोडलीय, उतार आहे."

"आणि टाकीत तेल कुठवर असतंय?"

मी गप्प झालो. सीबी ७५० चं तेल इंजिनात नसतं, बाजूच्या टाकीत असतं. नळी टाकीच्या तळाला जोडलेली, पण टाकीतल्या तेलाची पातळी त्या जोडापेक्षा हातभर वर. टर्बोतून सुटलेल्या तेलाला तेवढा दाब रेटून आत शिरावं लागत होतं. ते शिरत नव्हतं, टर्बोतच तुंबून सीलवरून एक्झॉस्टमध्ये जात होतं. "आरं, तेल उताराला पळतंय. त्याला विहिरीच्या तळातनं वर चढायला लावलंयस तू," बाबा म्हणाले. त्याच संध्याकाळी नळी काढली आणि इंजिनाच्या खालच्या ऑइल पॅनला जोडली. ड्राय संप असल्यामुळे तिथे तेल साचत नाही, पंप ते लगेच टाकीत ओढून नेतो. धूर बंद झाला, तो आजतागायत नाही. एकच अपवाद: गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर टाकीतलं तेल पंपातून पाझरून खाली उतरतं, मग पहिलं मिनिटभर धूर येतो. या मॉडेलचं हे जुनं दुखणं आहे.

रस्त्यावर टर्बो कसा वाटतो? ३,५०० च्या खाली गाडी मूळच्यापेक्षा किंचित सुस्त, कम्प्रेशन कमी केल्याचा परिणाम. ४,५०० पासून पाठीवर हात ठेवून कोणीतरी ढकलावं तशी, आणि आवाज मात्र कमी, कारण टर्बोच अर्धा मफलर होतो. हायवेवर चढताना पाचव्या गिअरमध्ये नुसतं मनगट वळवायचं. उन्हाळ्यात उजवी पोटरी भाजते, हीट रॅप लावूनही. मूळ क्लच पहिल्याच आठवड्यात घसरला. कडक स्प्रिंगा घातल्या, आता डावा पंजा ट्रॅफिकमध्ये दुखतो. मायलेज सांभाळून चालवलं तर १८ ते १९.

एल मिराज. मोहावी वाळवंटातलं हे कोरडं तळं, तिथे एससीटीएच्या (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनच्या) वेगाच्या शर्यती होतात. १.३ मैल धावायचं आणि शेवटच्या १३२ फुटांत वेग मोजला जातो. युटातलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान मोठं आणि प्रसिद्ध आहे, पण घरापासून दीड-दोन तासांवर हे असताना सुरुवात इथेच करावी. तपासणी कडक असते आणि ती आवडली: एकसंध लेदर सूट, मनगटाला बांधलेला किल स्विच, स्टीअरिंग डॅम्पर, व्हॉल्व्हला धातूच्या टोप्या, ड्रेन बोल्टला सेफ्टी वायर. तपासणाऱ्या आजोबांनी माझी एक वायर उलट्या दिशेने पिळलेली पाहिली, काही न बोलता पक्कड हातात दिली आणि मी ती पुन्हा पिळेपर्यंत उन्हात उभे राहिले.

जमीन डांबरासारखी नसते, मागचं चाक सतत थोडं फिरत असतं. चौथ्या गिअरमध्ये बूस्ट चढला तेव्हा गाडीचा मागचा भाग वीतभर डावीकडे सरकला आणि तिथेच राहिला, मी तसाच तिरका पुढे जात राहिलो. थ्रॉटल सोडायचा नाही, एवढंच डोक्यात. ११८ मैल, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. आकडा मोठा नाही, रेकॉर्डच्या आसपासही नाही. पण त्याच गाडीने सोमवारी मी ऑफिसला गेलो आणि मला तेच हवं होतं. नंतर लॉग पाहिला: शेवटच्या दहा सेकंदांत आत येणाऱ्या हवेचं तापमान ७८ अंशांवर गेलं होतं आणि ईसीयूने ठरवल्याप्रमाणे टायमिंग मागे ओढलं होतं. व्होल्टेज १३.६, एकदाही हललं नाही. त्या सहा आठवड्यांचं चीज झालं.

खर्च गाडी सोडून ४,६०० डॉलर. त्यातला टर्बोचा वाटा चौथ्या हिश्शाहून कमी.

भारतातले मित्र विचारतात, बुलेटवर किंवा आरएक्स १०० वर होईल का. रस्त्यासाठी नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदणीपेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीलाही गाडीत मोठा बदल चालत नाही. आरएक्स टू-स्ट्रोक, तिचं गणितच वेगळं. बुलेट एकच सिलिंडर, टर्बोला श्वास तुटक मिळतो. नुसतं इंजेक्शन शिकायला मात्र बुलेट छान, फक्त ती गाडी अंगणात किंवा ट्रॅकवर ठेवा.

हिवाळ्यात टाकीमागच्या पोकळीत पाणी-मेथॅनॉलची (हवेत फवारून ती थंड करायची) छोटी बाटली बसवतोय, त्या ७८ अंशांसाठी. कोणाला आपल्या गाडीबद्दल विचारायचं असेल तर मॉडेल आणि वर्ष लिहाच, पण त्याआधी अल्टरनेटर किती वॅटचा आणि किती आरपीएमला, ते लिहा.