ताई, एकही केस गळणार नाही

चूक पहिल्याच मेसेजमध्ये झाली आणि ती माझी होती. कुत्र्याच्या पिल्लांच्या जाहिरातीखालच्या नंबरवर मी लिहिलं, "मुलगी आठ वर्षांची आहे, तिला बालदमा आहे, धुळीची आणि मांजराची ॲलर्जी आहे. केस न गळणारं, लहान चणीचं, शांत पिल्लू हवंय." शिंप्याला मापं द्यावीत तसं सगळं देऊन टाकलं. पुढचे तीन आठवडे तो माणूस माझंच वाक्य मला परत विकत राहिला आणि मी "किती समजूतदार माणूस आहे" म्हणत ऐकत राहिले. रक्कम सांगत नाही. लाज वाटते.

लेकीचा हट्ट दोन वर्षांचा. तिचे डॉक्टर म्हणाले होते, आधी कुत्र्याच्या ॲलर्जीची तपासणी करू, मग काय ते ठरवा. ती तपासणी आम्ही पुढे ढकलत गेलो, कारण उत्तर "नाही" आलं तर तिला सांगणार कोण? त्यापेक्षा जातींच्या याद्या वाचणं सोपं होतं. पूडल, बिशाँ फ्रिझे, माल्टीज, शिह त्झू, मिनिएचर श्नाउझर. यांचे केस कमी गळतात हे खरंच आहे. त्यातही पूडलसारख्या कुरळ्या अंगाच्या कुत्र्यांचा सुटलेला केस जमिनीवर पडण्याऐवजी कुरळ्यांतच अडकून राहतो. म्हणून नियमित विंचरावं लागतं, नाहीतर गुंता होऊन अंगावर नमदा तयार होतो, आणि दर दीड-दोन महिन्यांनी कात्री लावावी लागते. एवढा अभ्यास मी केला होता. केस न गळणं आणि ॲलर्जी न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र डोक्यात शिरलं नव्हतं.

त्या माणसाने त्या दोन्हींची छान मोट बांधली. पिल्लू "पूडल क्रॉस, टॉय साइज, हायपोॲलर्जेनिक", म्हणजे अगदी लहान चणीचं आणि ॲलर्जी न करणारं. वर गोष्टीही सांगितल्या. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन नावाच्या माणसाने हवाईतल्या एका अंध बाईसाठी, तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती म्हणून, लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर करून लॅब्राडूडल तयार केला. आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, ओबामांनी, 2009 मध्ये मुलीच्या ॲलर्जीमुळेच पोर्तुगीज वॉटर डॉग घरी आणला. मी दोन्ही गोष्टी शोधून पाहिल्या. दोन्ही खऱ्या निघाल्या, आणि मग त्या माणसाचं बाकी सगळंही मला खरं वाटायला लागलं.

कॉनरनच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग मी नंतर वाचला. त्या पहिल्या वेतात तीन पिल्लं होती. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा नवऱ्याला चाललं ते एकच. आईबाप तेच, वेत तेच, तरी तिघांत एक. कारण त्रास केसाचा नसतोच. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, त्यातलं मुख्य म्हणजे कॅन एफ 1. केस हे त्याचं नुसतं वाहन. 2012 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कुत्र्यांचे केस आणि त्यांच्या घरांतली धूळ तपासली, तर लॅब्राडूडल, पूडल अशा "ॲलर्जीमुक्त" म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांवर हे प्रथिन इतरांपेक्षा जास्तच मिळालं.

तरीही मी शेवटपर्यंत कचरत होते. तेव्हा त्याने हुकमी पत्ता काढला. "ताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मुलीवर ठेवा. मी पिल्लाचे केस पाठवतो. उशीखाली ठेवा, गालाला लावा. शिंक आली तर बुकिंगचे पैसे परत." चार दिवसांनी पाकीट आलं. आत चिमूटभर क्रीम रंगाचे, स्प्रिंगसारखे कुरळे केस, शाम्पूचा मंद वास येणारे. लेक ते तळहातावर घेऊन बसली, नाकाला लावले, रात्री उशीखाली ठेवून झोपली. सकाळी एकदम ठणठणीत. नवरा म्हणाला, "बघ." मी त्याच दिवशी उरलेले पैसे भरले.

आता कोणी विचारलं की सगळ्यात हुशार फसवणूक कुठली, तर मी त्या पाकिटाकडे बोट दाखवेन. धुतलेल्या केसावर मुळात राहतंच किती? आणि ते केस त्याच पिल्लाचे कशावरून?

घरी येऊन पिल्लाची आई बघते म्हटलं, तर नको म्हणाला. "बाहेरून पार्वो येतो, लहान पिल्लं आहेत, कोणालाच आत घेत नाही." पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती खरी आहे. पायाला, कपड्यांना लागून तो विषाणू आत येऊ शकतो, त्यामुळे कारण पटलं. पण जबाबदार माणूस चपला बाहेर काढायला लावतो, हात धुवायला सांगतो, फार तर काचेतून आई दाखवतो. हा गाडीतून आला, अर्ध्या वाटेवर भेटला, डिकीतल्या खोक्यातून पिल्लू काढून लेकीच्या हातात दिलं. एकदा मूल पिल्लाला छातीशी धरून उभं राहिलं की आईबापाची तपासणी संपते, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आईचा एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात पिल्लं तिच्या आसपास फिरत होती, पण एकही तिच्या अंगाला लुचत नव्हतं. हे मला आज दिसतं.

लेकीने नाव ठेवलं टिल्लू.

तिसऱ्या दिवशी पशुवैद्य बाईंनी टिल्लूचं तोंड उघडलं आणि विचारलं, "वय काय सांगितलंय?" मी म्हटलं, साडेआठ आठवडे. त्यांनी मागे बोट फिरवलं. दुधाच्या दाढा नीट वर आलेल्याच नव्हत्या. "जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं आहे हे. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचंच नसतं." वय वाढवून सांगितलं की पिल्लू वयाच्या मानाने लहान दिसतं, आणि "टॉय साइज" आपोआप सिद्ध होते. लसीच्या कार्डावर पहिल्या डोसची तारीख होती. हिशोब केला तर त्या दिवशी टिल्लू तीन आठवड्यांचा. त्या वयात ही लस कोणी टोचत नाही. कार्डावर लसीच्या बाटलीचं लेबल नाही, डॉक्टरांचा शिक्का नाही, नुसती एक सही. कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप आहे म्हणून सांगितलं होतं. त्यांनी स्कॅनर मानेपासून खांद्यांपर्यंत दोनदा फिरवला. पंधरा आकडे दिसायला हवे होते, स्क्रीन कोरीच राहिली.

मग त्यांनी टिल्लूचं थोबाड उजेडात धरलं. "याला दाढी-मिशी कुठाय?" पूडलच्या संकरात तोंडावर दाढी, मिशा, दाट भुवया येणं आणि केस कमी गळणं यांचा जवळचा संबंध असतो. या दाढी-मिशीमागे आरएसपीओ2 नावाचा जीन आहे. तोंड गुळगुळीत असेल तर ते पिल्लू मोठेपणी बहुतेक भरपूर केस गाळणार. ही खूण पिल्लू लहान असतानाच साध्या डोळ्यांनी दिसायला लागते. मी फोटो शंभर वेळा पाहिले होते, पण जाहिरातीतला फोटो दुसऱ्याच, मोठ्या, नीट कातरलेल्या कुत्र्याचा होता.

परत द्यायचं का? कोणाला? फोन बंद होता. शिवाय लेक.

पहिले काही महिने खरोखर काही झालं नाही, आणि आम्ही स्वतःची समजूत घातली. पिल्लाचे बाळकेस फारसे गळत नाहीत. सहा महिन्यांनंतर ते जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात, तेव्हा कळतं. सातव्या महिन्यात सोफा, मोजे, लेकीचा दप्तराचा पट्टा, सगळीकडे क्रीम रंगाचे सरळ, ताठ केस. मी जपून ठेवलेलं पाकीट काढलं आणि पांढऱ्या कागदावर दोन्ही शेजारी ठेवले. एक वेटोळं, एक टाचणी. टिल्लू तोवर अठरा किलोंचा झाला होता. गालाच्या लाळेचा नमुना देऊन डीएनए तपासणी केली, तर त्यात पूडल नावालाच, बाकी लॅब्राडोर आणि स्पॅनियल.

केसांचं काही नाही, झाडून होतं. पण लेकीच्या छातीतून रात्री शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि दम्याचा निळा पंप दिवसाआड निघायला लागला. आता केलेल्या तपासणीत कुत्र्याची ॲलर्जी स्पष्ट आली. डॉक्टर म्हणाले, काही जणांना फक्त नर कुत्र्याच्या प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचीच ॲलर्जी असते, त्यांना मादी चालून जाते. तुमच्या मुलीचं तसं नाही. आम्ही टिल्लूला झोपायच्या खोलीबाहेर ठेवलं, हवेतले बारीक कण गाळणारा हेपा फिल्टर लावला, आठवड्यातून दोनदा आंघोळ घातली. त्याहून कमी आंघोळीत अंगावरचं ॲलर्जीचं प्रथिन पुन्हा पहिल्याइतकं होतं. दोन महिने रेटलं. शेवटी टिल्लू मावशीकडे गेला. लेक त्याला रविवारी भेटते, अंगणात, आणि आल्यावर कपडे बदलते. ज्याला हे टाळायचंय त्याने पैसे देण्याआधी मुलाची तपासणी करावी, आणि पिल्लाच्या आईच्या घरी मुलाला घेऊन दोन-तीनदा जाऊन बसावं. त्या मोठ्या कुत्र्याला मुलाचा हात चाटू द्यावा. तिथे जाऊच देत नसतील तर गोष्ट तिथेच संपली.

तक्रार दिली आहे. बुकिंगच्या पावतीवरचं नाव खोटं निघालं.

गेल्या महिन्यात तीच शब्दरचना असलेली जाहिरात नव्या नंबरसह दिसली. मी नवऱ्याच्या फोनवरून मेसेज केला. या वेळी मुलीचा, दम्याचा, केसांचा उल्लेखच केला नाही. लिहिलं, "मोठं आवार आहे, राखणीला दांडगा, भरपूर केसांचा कुत्रा हवाय." पाच मिनिटांत फोटो आला. तेच क्रीम रंगाचं पिल्लू, तेच खोकं. खाली लिहिलं होतं, "दादा, हा फुल साइझ होणार. केस तर बघतच राहाल."