लांबच्या प्रवासासाठी पुलबॅक हँडल: मनगटाच्या सोयीचा अभिप्राय

जुनी, म्हणजे ३४६ सीसी इंजिनाची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने हौसेने बसवलेले सरळ आणि आखूड हँडल तिच्यावर होते. शहरात ते देखणे वाटते, कोल्हापुरातल्या शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या गर्दीतून गाडी काढायला सोयीचेही पडते. परंतु पुण्याच्या वाटेवर कराड मागे पडेपर्यंत तळहाताच्या टाचेवर भार येऊन करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागते. ते काढून मी मागे वळलेले पुलबॅक हँडल बसवले. महामार्ग आणि घाट या दोन्हींवर ते भरपूर वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मनगटाच्या त्रासावर हँडल किती उंच आहे यापेक्षा त्याची मूठ कोणत्या कोनात हातात येते, याचा परिणाम अधिक होतो.

बधिरपणा कोणत्या बोटांना येतो, हे खरेदीपूर्वीच पाहून ठेवावे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्याकडे जाणारी मीडियन नस मनगटातील अरुंद बोगद्यातून जाते आणि मनगट बराच वेळ वाकलेले राहिले की त्या बोगद्यातील दाब वाढतो. करंगळीकडे जाणारी अल्नर नस तळहाताच्या बाहेरच्या बाजूने जाते, त्यामुळे शरीराचा भार पुढे झुकून तळहातावर टेकला की ती दाबली जाते. पहिल्या त्रासात मनगट सरळ करणे महत्त्वाचे, तर दुसऱ्यात तळहातावरचा भार कमी करणे. सरळ आणि आखूड हँडलवर दोन्ही एकदम घडते, कारण धरण्यासाठी पुढे वाकावे लागते आणि पंजाही हाताच्या रेषेत न राहता बाजूला मुरडतो.

आधी मी त्याच हँडलखाली रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, लावून पाहिले होते. हँडल वर आल्याने पाठ सरळ झाली, तळहातावरचा भारही हलका झाला, मात्र मुठीचा कोन तोच राहिल्यामुळे मनगटाचे मुरडणे काही गेले नाही. ज्यांच्या गाडीचे मूळ हँडल कोनाला चांगले आहे, पण ज्यांना फक्त हात लांब ताणावा लागतो, त्यांनी रायझरवर समाधान मानायला हरकत नाही. तो उपाय स्वस्त आणि परत फिरवता येण्याजोगा आहे.

पुलबॅक हँडल घेताना नळीचा व्यास, एकूण रुंदी, उंची आणि मागे येण्याचे अंतर ही मापे मागून घ्यावीत. क्लासिकला २२ मिमीची नळी लागते. मध्ये २८.६ मिमी जाड आणि मुठीकडे २२ मिमीपर्यंत निमुळती होत जाणारी हँडले दणकट असली तरी त्यांना वेगळे क्लॅम्प, म्हणजे हँडल गाडीला आवळून धरणारे भाग, लागतात. ऑनलाइन एका विक्रेत्याने मला केवळ रुंदी सांगितली आणि बाकी सारे छायाचित्रावरून समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवली. छायाचित्रात मागे येण्याचे अंतर कळत नाही, म्हणून तेथून न घेता मी शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो.

त्या गॅरेजच्या कामाबद्दल सविस्तर लिहिलेच पाहिजे. क्लासिकच्या स्विचच्या पेटीत आतून एक छोटी खुंटी असते आणि ती हँडलच्या नळीतील भोकात बसते, म्हणून स्विच जागेवरून फिरत नाही. बाहेरून घेतलेल्या बऱ्याच हँडलांना हे भोक नसते. काही ठिकाणी खुंटीच घासून टाकतात आणि मग गाडी चालवताना स्विचची पेटी हळूहळू फिरते. येथील मिस्त्रींनी हँडल क्लॅम्पमध्ये सैल अडकवले, मला गाडीवर बसवले आणि म्हणाले, ‘साहेब, आधी नीट बसून बघा, भोक मग पाडूया.’ मी खांदे सैल सोडून डोळे मिटले, हात सहज पुढे नेले आणि मूठ जिथे सापडली त्या कोनात त्यांनी हँडल कसले. त्यानंतर क्लचचे लिव्हर थोडे खाली फिरवून कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा आणली, तशीच ब्रेकचीही, पण ऑइलची डबी तिरकी न होईल इतपतच. मग कुठे ड्रिल हातात घेतले. एवढ्या शांतपणे हे काम करणारे मिस्त्री मिळाले, याचे मला फार समाधान आहे. लिव्हर खाली फिरवण्याला काहीच खर्च नसतो, तेव्हा हँडल बदलण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी तेवढे करून पाहावे, कारण क्लच दाबताना मनगट वर मोडावे लागणे हेच अनेकांच्या दुखण्याचे कारण असते.

क्लच वायर, रेस वायर आणि पुढच्या डिस्क ब्रेकचा होज (ऑइलची नळी) यांची लांबी पुरते की नाही, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे लागते. इंजिन चालू ठेवून हँडल वळवल्यावर आवाज वाढला, तर रेस वायर ताणली जात आहे असे समजावे, आणि तशी गाडी रस्त्यावर मुळीच नेऊ नये. माझी रेस वायर लांब घ्यावी लागली. पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यात बोटे अडकणार नाहीत एवढी जागा राहते, हेही तपासले.

करूळ घाटात, अर्ध्या क्लचवर गाडी वळवावी लागते तेथे, फरक पहिल्यांदा स्पष्ट जाणवला. डावे मनगट सरळ राहिल्याने वैभववाडीला उतरल्यावर पंजा झटकावा लागला नाही. महामार्गावरचा निकाल मात्र संमिश्र आहे. पाठ सरळ झाल्यामुळे ताशी ८० किलोमीटरच्या पुढे वारा छातीवर थेट येतो आणि त्याला तोंड देताना हात नकळत हँडल ओढून धरतात. यासाठीच मी मध्यम उंची पसंत केली. खांद्यापर्यंत हात नेणारी हँडले दिसायला रुबाबदार असली तरी हात सतत वर राहिल्याने त्यात मुंग्या लवकर येतात, त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी मी ती सुचवणार नाही.

कंपनाचा प्रश्न याने सुटत नाही, हेही स्पष्ट सांगतो. जुन्या ३४६ सीसी इंजिनाला कंपन कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. २०२१ मध्ये आलेल्या ३४९ सीसीच्या क्लासिकला तो आहे. जुन्या गाडीवर हँडलच्या टोकांना जड वजने लावल्यावर मुठीतला झिणझिणाट पुष्कळ उतरला. फोमच्या जाड ग्रिप मात्र मी काढून टाकल्या, कारण मूठ जाड झाली की ती धरायला बोटांना जास्त जोर लावावा लागतो आणि माझ्यासारख्या लहान पंजाच्या माणसाला त्याचा उलट त्रास होतो.

या हँडलबद्दल माझी एकच तक्रार आहे. क्रोमचा मुलामा वरून चांगला असला तरी ड्रिल केलेल्या भोकाच्या कडेला उघडे लोखंड राहते आणि गगनबावड्याच्या पावसात तेथे पहिल्याच मोसमात तांबेरा धरला. भोक पाडल्यावर लगेच कडेला रंग आणि आत ग्रीस लावून घेतले, तर हे टळते.

क्लिप-ऑन हँडलच्या गाड्यांना हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही; तेथे हँडल थेट फोर्कच्या नळ्यांना धरलेले असल्याने पुलबॅक बसवायचे तर वरची टी, म्हणजे फोर्कच्या नळ्या वरून जोडणारा भाग, बदलण्यापर्यंत काम जाऊ शकते. अशा गाडीवर आधी लिव्हरचा कोन दुरुस्त करावा, गुडघ्यांनी टाकी धरून शरीराचा भार मांड्यांवर घेण्याची सवय करावी आणि तरीही गाडीवरून उतरल्यावर बोटे बराच वेळ बधिर राहत असतील, तर मिस्त्रींच्या आधी डॉक्टरांकडे जावे.